यंदाचं पान माझ्या हातचं

आई, यंदा तुझं पान मी केलंय. मी म्हणजे मीच, माझ्या या दोन हातांनी. गेली अकरा वर्षं पितृपक्षातल्या तुझ्या तिथीला लखनौच्या मराठी मंडळातल्या काकू सगळा स्वयंपाक डब्यांत भरून आणायच्या आणि मी तो नुसता केळीच्या पानावर वाढून गच्चीत ठेवायचे. मी का करत नाही हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. यंदा त्यांचा फोन आला, "किती वाजता आणू गं डबे?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नको काकू, यंदा मी करणार आहे." फोन ठेवल्यावर माझं मलाच हसू आलं. साठीला टेकलेली बाई, आणि छातीत धडधडतंय कशासाठी, तर आईला वडे तळायचे आहेत! आता खीर झालीय, वड्यांचं पीठ भिजलंय, कारल्याची भाजी झाकून ठेवलीय, आमसुलाची चटणी तेवढी वाटायची राहिलीय. लेक बंगळुरूहून चार दिवसांसाठी आलीय, ती ओट्याजवळ खोबरं किसतेय. मघाशी म्हणाली, "मम्मी, आजी तो आपके हाथ का कुछ खाती ही नहीं थीं। अब खा लेंगी क्या?" मी म्हटलं, "न खाऊन जाणार कुठे?" ती खो खो हसली. मीही हसले, पण प्रश्न बरोबर होता तिचा. तो तुलाच विचारावा म्हणून वही घेऊन इथे टेबलाशी बसलेय.

तुला आठवत असेल तो दिवस. मी चोवीस वर्षांची होते. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती, मानक नगरचं रेल्वेचं क्वार्टर सोडून आपण दोघी अलीगंजला या दोन खोल्यांत आलो होतो. कानपूर रोडवरच्या एका छोट्या खाजगी प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. आता ती बंद झालीय, तिथे टाइल्सचं दुकान आहे. तर पहिल्या दिवशी जानेवारीच्या थंडीत पाऊण तास स्कूटर चालवून, नाक लाल करून मी घरी आले. तू शेगडीपुढे बसलेली, हात शेकत. "काय काम असतं गं तिथे?" म्हणून विचारलंस. मी आपली खुशीत. भडाभडा सांगत सुटले. नवीन औषध माणसाला द्यायच्या आधी उंदरांना देऊन बघतात, पांढरे उंदीर असतात, त्यांचं रोज वजन करायचं, रक्त तपासायचं, सगळं वहीत लिहायचं. तू ऐकत होतीस. मग विचारलंस, "आणि शेवटी त्या उंदरांचं काय करता?" खोटं बोलायचं मला सुचलंच नाही. म्हटलं, भूल देऊन मारतो, आणि आतले अवयव तपासतो. तू उठलीस, बाथरूममध्ये बादली ठेवलीस, आणि स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिलीस. "आधी आंघोळ कर." मी म्हटलं, "सकाळी केलीय की." "ती वेगळी," म्हणालीस. लखनौची जानेवारीतली संध्याकाळ, आणि बादलीत पाणी गार. मी कुडकुडत आंघोळ केली, कपडे बदलून आले आणि पोहे परतायला पळीला हात घातला, तर तू ती पळी माझ्या हातातून काढून घेतलीस. हळूच घेतलीस, ओरडलीबिरडली नाहीस. "तू नको. मी करते." बस्स, तेवढंच. त्यानंतर तेवीस वर्षं तू माझ्या हातचं शिजवलेलं काही खाल्लं नाहीस. तुला ताप आला तरी शेजारच्या पंडिताइनच्या हातची खिचडी चालायची, माझ्या हातची नाही. आणि गणपतीत तर कहरच. मूर्तीच्या पायाशी तो मातीचा चिमुकला उंदीर असतो ना, तो तू उचलून समईच्या पलीकडे ठेवायचीस. जणू मी त्याचंही वजन करून वहीत लिहिणार होते!

तुझ्या स्वयंपाकघरात दोन फळ्या होत्या. वरची सोवळ्याची, खालची रोजची. वरच्या फळीवर देवाचं तूप आणि नैवेद्याची पातेली, खालच्या फळीवर कांदा-लसूण आणि बाकी सगळं. माणसंही तू तशीच लावून ठेवली होतीस. पिऊन येणारा समोरचा ठेकेदार खाली, एकादश्या करणारी त्याची बायको वर. मग ती बायको सासूला उपाशी ठेवते हे सगळ्या गल्लीला माहीत असलं तरी ती वरच. मी कॉलेजात पहिली आले तेव्हा वर होते, त्या जानेवारीत खाली आले आणि पुन्हा वर म्हणून चढलेच नाही. पाप आणि पुण्य यांच्या मध्ये तुझ्याकडे काही नव्हतंच. मी भांडायचे तुझ्याशी. म्हणायचे, अगं, ही औषधं न तपासता लोकांना दिली तर माणसं मरतील, पोरं मरतील. तू जपाची माळ ओढत म्हणायचीस, "मुक्या जिवांचे तळतळाट लागतात गं. ते कुठल्या औषधाने उतरत नाहीत." आणि स्वतः काय करायचीस? या घरात उंदीर झाले होते आठवतंय? धान्याची पिंपं कुरतडली तेव्हा तू कामवालीला विषाची पुडी आणायला लावलीस आणि म्हणालीस, "बहू, तुम रख देना, हम नहीं देखेंगे।" मग सकाळभर देवघरात पाठ करून बसलीस. ते उंदीर तडफडून मेले, आई, भिंतीच्या आत, दोन दिवस चीं चीं ऐकू येत होतं. पण तू हात लावला नव्हतास ना, मग झालं! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हात न लावणं म्हणजे पुण्य, हे तुझं गणित मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही. मी जे केलं ते बघून केलं, माझ्या हाताने केलं आणि वहीत माझ्या सहीने लिहिलं.

तुला चचांबद्दल कधी सांगितलं नाही. तू ऐकलंच नसतंस. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची देखभाल करायला एक म्हातारे गृहस्थ होते, आम्ही सगळे त्यांना चचा म्हणायचो. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, खाणं-पाणी, सगळं त्यांच्याकडे. त्यांची एक पद्धत होती. उंदीर आमच्या हातात द्यायच्या आधी ते त्याला ओंजळीत घ्यायचे, अंगठ्याने कानामागे चोळत राहायचे, आणि त्याच्याशी बोलायचे, "बस बेटा, बस, हो गया।" उंदराच्या छातीचं धडधडणं कमी होईपर्यंत ते द्यायचेच नाहीत. आमचे साहेब घाई करायचे, "चचा, जल्दी कीजिए," तर चचा मान वर न करता म्हणायचे, "साहब, डरा हुआ जानवर हम किसी को नहीं देते।" शेवटच्या दिवशीसुद्धा. भुलीच्या भांड्यात ठेवायच्या आधीसुद्धा. मी ते काम त्यांच्याकडूनच शिकले. दुपारभर दोघं समोरासमोर स्टुलांवर बसायचो, ते एक एक उंदीर शांत करून माझ्या हातात द्यायचे आणि मी त्याच्या अंगावर पिवळ्या औषधाने खूण करायचे. कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीवर, म्हणजे दहांतला कोणता कोण ते कळावं. तो पिवळा रंग माझ्या बोटांवरून आठ-आठ दिवस जायचा नाही. सांग, तुझ्या कोणत्या फळीवर ठेवणार होतीस चचांना?

आणि त्या पिवळ्या बोटांची गंमत तरी आठव. संक्रांतीचं मंडळाचं हळदीकुंकू. नुकतंच माझं लग्न झालेलं. यांची बँकेची नोकरी, आज गोरखपूर, उद्या झाशी, म्हणून मी तुझ्याजवळच राहिले होते. तू भिंतीकडच्या खुर्चीवर बसलेली, मी बायकांच्या रांगेत. हळद लावायला काकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "अगं बाई, हिला आधीच हळद लागलीय की!" मी तोंड उघडणार, तेवढ्यात खुर्चीवरून तुझा आवाज, "काल लोणचं घातलंय तिने. मिरचीचं." मी बघतच राहिले तुझ्याकडे. मला लोणच्याच्या बरणीला बोट लावू न देणारी तू, आणि सगळ्यांसमोर सरळ तोंडावर खोटं! वर आणखी, "चव घ्यायला पाठवते हां," म्हणालीस. मग दोन दिवस खपून तू स्वतः मिरचीचं लोणचं घातलंस आणि माझ्या नावाने घरोघर वाटलंस. काकू अजून त्याची आठवण काढतात. म्हणजे खोटं बोलणं तुझ्या वरच्या फळीवर बसत होतं तर. तेव्हा मी तुला चिडवलं नाही, कारण घरी येताना रिक्षात तू बाहेर तोंड करून बसली होतीस आणि तुला माझी लाज वाटते हे मला पहिल्यांदा नीट कळलं होतं. मला फार लागलं ते, आई. आज सांगतेय.

पण त्याहून लागलं ते मार्चमध्ये, लेक तीन वर्षांची असताना. तिला टायफॉईड झाला होता. ताप एकशे चारवर, सहा दिवस उतरायचं नाव नाही. हे झाशीला, सुट्टी मिळत नव्हती. अलीगंजच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, म्हणाले, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरेल, घाबरू नका. इंजेक्शनाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पोर डोळे उघडत नव्हती. प्रयोगशाळेत सहा महिन्यांच्या एका प्रयोगाचा तो शेवटचा दिवस होता, जाणं भाग होतं. मी चपला घालत होते. तू पोरीच्या कपाळावरची पट्टी बदलत होतीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "जा. तुझ्या हातांचं पाप पोरीच्या अंगावर उठलंय, आणखी थोडं करून ये." मी निघाले. स्कूटर चालवताना चारबागच्या चौकात मला समोरचं दिसत नव्हतं इतके डोळे भरले होते. एका टेम्पोवाल्याने शिवी हासडली. आज लेक माझ्यासमोर उभी आहे, धडधाकट, खोबरं किसताना अर्धं तोंडात टाकतेय, तरीही ते वाक्य मला अजून जसंच्या तसं पाठ आहे. तू कधी परत घेतलं नाहीस ते. मी वाट पाहिली, बरं का. तू जाईपर्यंत वाट पाहिली.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगते. हे मी यांना सांगितलं नाही, साहेबांना नाही, कुणालाच नाही. दहा उंदीर होते. नऊ झाले. दहावा, शेपटीवर पिवळी खूण असलेला, चचांनी शांत करून माझ्या हातात दिला आणि ते रिकामे पिंजरे उचलायला वळले. माझ्या हातात त्याचं गरम गरम अंग, आणि मला सकाळचं पोरीचं कपाळ आठवलं. तेवढंच गरम. मी त्याला एप्रनच्या खिशात टाकलं आणि मागच्या दाराने बाहेर पडले. मागे रिकामे प्लॉट होते आणि पलीकडे गव्हाचं शेत. दुपारचे तीन वाजलेले, लख्ख ऊन. खिशात तो थरथरत होता. मी त्याला बांधावर सोडलं आणि म्हटलं, जा. तो जाईना! जन्मात माती पाहिली नव्हती त्याने, भुसा आणि लोखंडी जाळी एवढंच माहीत. दोन पावलं गेला, थांबला, नाक हलवलं आणि वळून माझ्या चपलेपाशी आला. मी त्याला पायाने ढकललं. पुन्हा आला. पुन्हा ढकललं. तेवढ्यात मागून चचांचा आवाज, "मैडम, ये क्या कर रही हैं आप?" मी म्हटलं, "चचा, आप अंदर जाइए।" ते गेले नाहीत. वर आभाळात घारी फिरत होत्या, त्यांच्याकडे बघत म्हणाले, "ये बाहर का जानवर ही नहीं है, मैडम। सफ़ेद है। चील को आधे कोस से दिखेगा।" मग म्हणाले, "और आपने तो इसका डर भी नहीं निकाला।" मी मागे न बघता आत आले. वहीत लिहिलं, दहावा मृत आढळला, अवयव तपासण्याजोगे नव्हते. खाली सही केली. दुसऱ्या दिवशी चचांना विचारलं, दिसला का? ते भुसा पसरत होते. "मत पूछिए," एवढंच म्हणाले, आणि त्यानंतर पुढची सगळी वर्षं माझ्याशी नीट वागले, पण समोरच्या स्टुलावर बसून गप्पा मारेनासे झाले.

म्हणजे बघ कसं आहे. तीस वर्षांत मी शेकड्यांनी उंदीर मारले. त्याबद्दल मला वाईट वाटलं, अजून वाटतं, पण लाज वाटत नाही. त्यातलं काय वाया गेलं आणि काय उपयोगी पडलं ते मला माहीत आहे, आणि ज्या औषधांनी कुणाच्या पोराचं लिव्हर गेलं असतं ती दोन औषधं आम्ही तिथेच अडवली, हेही माहीत आहे. मला लाज वाटते ती फक्त एकाची. वहीत खोटं लिहिल्याची, आणि त्या बिचाऱ्याला भेदरलेल्या अवस्थेत उन्हात टाकून आल्याची. माझ्या हातात भुलीने झोपला असता तो. माझ्या पुस्तकात ते पाप आहे, एकुलतं एक, आणि तुझ्या पुस्तकात तेवढंच एक पुण्य निघालं असतं. ते औषध पुढे दुसऱ्याच कारणाने बंद पडलं, म्हणून माझ्या त्या खोट्या ओळीने कुणाचं नुकसान झालं नाही. ते माझं नशीब, माझा चांगुलपणा नव्हे. तुला मी हे सांगितलं असतं तर तू हात जोडले असतेस, देवापुढे साखर ठेवली असतीस, कदाचित त्याच दिवशी मला पोळ्या लाटायला बसवलं असतंस. म्हणूनच नाही सांगितलं! घारीच्या तोंडी दिलेल्या उंदराच्या जिवावर मला तुझ्या वरच्या फळीवर चढायचं नव्हतं.

आणि आता दुसरं ऐक. तुझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या. एकदा भांडताना मी रागाच्या भरात बोलून गेले की ही गोळीसुद्धा उंदरांवरूनच आलीय, तीही पापाचीच. झालं! तू दुसऱ्या दिवसापासून बंद केलीस. मी पाया पडले, डॉक्टर घरी येऊन बोलून गेले, तू ढिम्म. अकराव्या दिवशी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलीस, कपाळाला खोक. तेव्हा मी काय केलं सांगू? अमीनाबादच्या एका वैद्याच्या दुकानातून त्रिफळ्याचं चूर्ण आणि त्यांची एक रिकामी डबी आणली. तू सकाळी देवळात गेलीस की मी याच ओट्यापाशी उभी राहायचे, गोळ्या पाकिटातून काढायचे, मधाच्या बोटाने ओल्या करायचे आणि चूर्णात घोळवून तपकिरी करायचे. पंधरा दिवसांच्या एकदम. "वैद्यजींची वटी आहे, नुसती झाडपाल्याची," म्हणून तुझ्यापुढे ठेवली. तू वास घेतलास, जिभेवर ठेवलीस, तोंड वाकडं केलंस आणि म्हणालीस, "कडू आहे. म्हणजे असली आहे." नऊ वर्षं, आई! नऊ वर्षं तू ती अनशापोटी घेतलीस आणि मंडळातल्या झाडून सगळ्या बायकांना सांगत सुटलीस की डॉक्टरांना जमलं नाही ते आमच्या वैद्यजींनी केलं. तीनजणी अमीनाबादला जाऊन विचारून आल्या, त्यांना काय सांगावं या विचाराने माझी तारांबळ उडाली ती वेगळीच. त्या नऊ वर्षांत तू नातीला पाढे शिकवलेस, तिच्या हिंदीला नावं ठेवलीस, तिला पहिल्यांदा साडी नेसवलीस. मी खोटं बोलले, तुला फसवलं, रोज फसवलं, आणि उद्या तू परत आलीस तर पुन्हा तेच करीन. याला पाप म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही.

तेव्हा लेकीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे, की तू खाल्लंयस. माझ्या याच हातांचं, याच ओट्यावरचं, नऊ वर्षं रोज सकाळी देवाचं नाव घेऊन खाल्लंयस, आणि तुला काही झालं नाही. आज नुसते वडे आहेत. मुकाट्याने खा.

लेक हाक मारतेय, "मम्मी, तेल गरम हो गया!" उठायला हवं. हे कागद पानाबरोबर गच्चीत ठेवायचे नाहीत असं मी आत्ताच ठरवलंय. पाकिटात घालून कपाटात त्या चूर्णाच्या डबीखाली ठेवीन. कारण एक गोष्ट मी वर लिहिली नाही, आणि ती तू वाचलीस तर "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणशील, आणि ते मला तुला म्हणू द्यायचं नाही. त्या मार्चमधल्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तू दारातच उभी होतीस, हातात थर्मामीटर. "उतरला गं! नव्याण्णव!" म्हणून तू माझे दोन्ही हात गच्च धरलेस. तेच हात, न धुतलेले, शेताची माती लागलेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. इंजेक्शनाचा तिसरा दिवस होता, ताप उतरणारच होता, हे मला डॉक्टरांइतकंच माहीत होतं. पण तेव्हा माझ्या मनात इंजेक्शन आलं नाही, आई. शेपटीवरची पिवळी खूण आली. आनंदात तू मला आंघोळीला पाठवायचं विसरलीस. मी आपण होऊन गेले, आणि पोरीला हात लावायच्या आधी दोनदा साबण लावला.